पुसणे म्हणजे धुणे नव्हे

"चुरी! ओ चुरी! नळ बंद करा आधी! अख्खी टाकी गाडीवर ओतताय की काय?"

रविवारी सकाळी सात वाजता आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी शिंत्रे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ओरडत होते. शिंत्र्यांचा आवाज कसा आहे ते वसईबाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. ते आमच्या बिल्डिंगमध्ये शिंकले की नायगावच्या मिठागरातले बगळे उडतात. त्या दिवशी तर ते ओरडत होते, म्हणजे बगळे खाडी ओलांडून थेट घोडबंदरलाच उतरले असणार. गॅलऱ्यागॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली. कुणाच्या तोंडात ब्रश होता, कुणाच्या गालावर अर्धा साबण.

खाली पार्किंगमध्ये इस्त्रीच्या हाफ पँटमधले चुरीकाका गाडीच्या टपावरून फडकं नेत होते. त्यांनी मान वर केली नाही. टपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात नेला, फडक्याची घडी बदलली, आणि मग सावकाश वर बघून विचारलं,

"शिंत्रे, नळ कुठाय?"

"म्हणजे?"

"नाही, बंद करा म्हणताय ना? कुठाय तो दाखवा. मी बंद करतो."

पार्किंगमधला नळ त्यांनी स्वतःच एप्रिलमध्ये काढून तिथं लाकडी बूच ठोकलं होतं. टँकरच्या पाण्यावर जगणारी आमची सोसायटी. टँकर आला की लोक वरात आल्यासारखे गॅलरीत उभे राहतात. तेव्हा गाड्या धुणं बंद, असा ठराव झाला होता.

"मग गाडी कशानं धुताय?"

"धुतोय कुठं? पुसतोय."

"बादली दिसतेय मला!"

"बादली दिसतेय, पाणी कुठं सांडलेलं दिसतंय?"

सगळ्या डोक्यांनी एकदम खाली पाहिलं. गाडीखालची फरशी ठणठणीत कोरडी होती. त्या फरशीवर पापड वाळत घालता आले असते.

ठरावाची नोटीस फळ्यावर लागली होती ती माझ्या अक्षरात. माझं अक्षर बरं आहे, या एकाच गुणावर मला कमिटीत घेतलेलं आहे. 'आवारात गाड्या धुण्यास सक्त मनाई आहे.' संध्याकाळी पाहतो तर 'धुण्यास' या शब्दाखाली लाल पेन्सिलीची सरळ रेघ, आणि खाली बारीक अक्षरात: 'मान्य. बा. ह. चुरी.'

बाळकृष्ण हरिश्चंद्र चुरी. भुईगावच्या बागायतदार घरातले. वडिलांची पानवेलींची वाडी होती, आणि वेलींना पाणी घालताना वडील मागे उभे राहून मुलाच्या ओंजळी मोजायचे, असं ते सांगत. पुढे विहिरी खारट झाल्या, वेली गेल्या, पण मोजायची सवय राहिली. तीसेक वर्षं त्यांनी एका शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून काढली. त्यांच्या हाताखालच्या परीक्षानळ्या इतक्या स्वच्छ असत की एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी 'स्टँड रिकामा का?' असा शेरा मारला. स्टँडमध्ये बारा नळ्या होत्या. हे मला स्वतः चुरीकाकांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी सातच सांगितल्या होत्या. पण बाराच्या स्टँडमध्ये पाच जागा रिकाम्या ठेवणारा तो माणूस नव्हे, म्हणून मी बारा धरतो.

निवृत्तीच्या दिवशी शाळेनं विचारलं, काय हवं? म्हणाले, शाल-श्रीफळ नको, ते काचेचं मोजपात्र द्या. ते मोजपात्र घेऊन ते दर रविवारी खाली यायचे. बरोबर रंगाची एक रिकामी बादली, खिळ्यानं आत रेघा मारलेली. तिच्यात तिसऱ्या रेघेपर्यंत पाणी. म्हणजे माझ्यासारखा माणूस तेवढ्यात जेमतेम पाय धुवील. त्या पाण्यात मोजपात्रानं मोजून एक निळसर औषध. औषध हा सोसायटीचा शब्द. नाशिकला दिलेल्या मुलीनं ती बाटली मागवून दिली होती आणि ते काय आहे हे कुणालाच नीट माहीत नव्हतं, म्हणून औषध. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर सर्दीवर चालेल का, म्हणूनही विचारलं होतं.

"हा साबण नाही, परब," काका मला सांगायचे. परब म्हणजे मी. "साबण लावलात की तो काढायला पाणी आलंच. हे काय करतं? धुळीच्या कणाला गुंडाळतं, निसरडं करतं आणि फडक्याच्या हाती देतं. आपण फक्त न्यायचं."

मग पद्धत. आधी तेच पाणी फवाऱ्यानं गाडीच्या एका भागावर मारायचं. थांबायचं. मग ओलं, मऊ, झुबकेदार फडकं घडी घालून एका सरळ रेषेत न्यायचं. एकदाच. गोल फिरवलंत की काकांच्या चेहऱ्यावर असं दुःख यायचं की आपणच त्यांच्या पाठीवर ओरखडा काढलाय. फडक्याच्या घडीला आठ अंगं. एक अंग मळलं की दुसरं. मागोमाग कोरडं फडकं. वरून खाली, टपापासून सुरुवात, चाकं शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं. दरवाजा झाला की पुढचा दरवाजा. 'एक घडी, एक हात,' असं पुटपुटत ते गाडीभोवती प्रदक्षिणा घालायचे.

"आणि चिखल असला तर?" मी एकदा विचारलं.

"वाळून बसलेला चिखल, वाळू, ही आपली कामं नव्हेत. त्याला पाइपचं पाणीच पाहिजे, भरपूर. तिथं हुशारी करायला गेलात तर गाडीवर नकाशे उमटतील."

पण काकांच्या गाडीला चिखल लागायचा प्रश्नच नव्हता. कारण ती गाडी कुठं जातच नव्हती.

ती खरी गोष्ट. सोळा वर्षांची जुनी, छोटी गाडी. विकणाऱ्यानं तिच्या रंगाला काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं होतं, पण काकूंनी पाहताक्षणी म्हटलं होतं, 'अबोली आहे!' तेव्हापासून गाडीचं नावच अबोली. तर ही अबोली दर रविवारी एखाद्या नवरीसारखी सजायची, काका तिचं इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचे, आणि मग कव्हर घालून वर जायचे. बाजारात जायचं तर रिक्षा. भावाकडे भुईगावला जायचं तर बस. लोक बोलायचेच. "काका, देव्हाऱ्यातले गणपतीसुद्धा वर्षातून एकदा बाहेर पडतात हो!" यावर काकांचं उत्तर ठरलेलं असे.

"पुढच्या सीटचं माणूस वर आहे."

ते माणूस म्हणजे हेमाकाकू. चुरीकाका कमी बोलतात असं जे लोक म्हणत, त्याचं कारण इतकंच की लग्नानंतर त्यांना संधीच मिळाली नव्हती. काकूंच्या बोलण्यात स्वल्पविराम असत, पूर्णविराम नसे. मी एकदा गहू दळायला टाकायला निघालो होतो. जिन्यात 'काय परब, काय म्हणता?' असं त्यांनी विचारलं, आणि मी थांबलो. गिरणीत पोचलो तेव्हा गव्हाला कोंब आले होते.

दोन वर्षांपूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. हॉस्पिटलातून महिन्याभरानं घरी आल्या त्या एकच शब्द घेऊन. 'राहू दे.' बाकीचे सगळे शब्द, डॉक्टर म्हणाले, आत शाबूत आहेत. बाहेर यायची वाट बंद झालीय. त्यांना बोलतं ठेवा, रोज, कसंही करून. बोलल्या तर वाट उघडेल, नाही बोलल्या तर उरलेलीही बुजेल.

तेव्हापासून काका 'राहू दे'चे भाषांतरकार झाले. मी गेलो की काकू म्हणत, "राहू दे." काका सांगत, "चहा घ्या म्हणतेय." मग दुसऱ्या सुरात "राहू दे." "साखर जास्त झाली म्हणतेय, माझ्यावर गेलंय ते." एकदा काकू खिडकीकडे बघत अगदी हळू "राहू दे" म्हणाल्या. मी विचारलं, "हे काय?" म्हणाले, "हे असंच. याचं भाषांतर नाही."

मुलीनं चित्रांची कार्डं पाठवली होती. आंबा, घर, मांजर. काकूंनी डाव्या हातानं ती दूर सारली. बरोबरच आहे. ज्या बाईनं आयुष्यभर सगळ्या आळीच्या लग्नांची बोलणी केली, तिनं मांजराचं चित्र बघून 'मांजर' म्हणायचं? का म्हणून?

एकदा मी तिथं बसलेलो असतानाच काकूंचं जेवण झालं. काकांनी रुमाल ओला केला, पिळला, घडी घातली. हनुवटीवरून एकदाच नेला. घडी बदलली. गालावरून एकदाच. घडी बदलली. बोटं, एकेक. मागोमाग कोरडा रुमाल. मी त्या रुमालाची अंगं मोजली. आठ होती.

"ब्रिजिट सिस्टर," काका म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. "हॉस्पिटलात होत्या. मी पहिल्याच दिवशी हिचं अंग पुसायला गेलो तर ओरडल्या, 'अंकल, हे अंग हाय, टोप नाय! घासतो काय? भिजव, थांब, मग ने. एक घडी, एक हात.' मला, तीस वर्षं काचसामान धुतलेल्या माणसाला! पण बाई खरं बोलत होती. महिनाभर शिकलो. घरी आल्यावर पाइप लावून गाडी धुवायला गेलो आणि हात थांबला. म्हटलं, अबोलीलासुद्धा आतापर्यंत घासतच होतो की मी. मग मुलीला म्हटलं, पाइपशिवाय धुवायचं काहीतरी शोध."

"राहू दे," काकू म्हणाल्या.

"फार बोलतो म्हणतेय," काका म्हणाले.

काका रविवारी खाली उतरले की काकूंची खुर्ची दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत असे. डावा हात गजावर ठेवून त्या बघत. ग्रीष्माच्या अखेरचा एक रविवार होता. काकांची प्रदक्षिणा संपली, फडकी पिळून झाली, ते कव्हर उचलायला वाकले, आणि वरून आवाज आला.

"डाग!"

काका वाकले होते तसेच राहिले. मी माझ्या स्कूटरला किक मारत होतो. पाय अधांतरी राहिला. झाडावरचा कावळासुद्धा चोच उघडी ठेवून थांबला, असं मी लोकांना सांगतो, आणि ते फारसं खोटं नाही. काकूंचा हात गजातून बाहेर आला होता आणि बोट डिकीकडे होतं. डिकीच्या कोपऱ्यावर चिमणीनं नुकताच आपला अभिप्राय दिला होता.

"कुठं?" काकांनी विचारलं. वर न बघता. बघितलं तर उडून जाईल, अशा आवाजात.

"तिथं... डाग!"

काकांनी फडकं भिजवलं. थांबले. नेलं. तेवढ्या एका ठिपक्याला त्यांना पाच मिनिटं लागली.

आता यापुढचं मी पाहिलं म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. पुढच्या रविवारपासून चुरीकाकांच्या हातून डाग राहायला लागले. ज्या माणसाच्या परीक्षानळ्या दिसत नसत, त्या माणसाच्या गाडीवर कधी टपाच्या कडेला, कधी बॉनेटच्या मधोमध, एक धुळीचा पट्टा चुकायचा. आणि वरून आवाज यायचा. "डाग!" मग "वर!" मग "अहो, वर!" जूनच्या शेवटाला "डावीकडे" आलं. आषाढीच्या आसपास "आंधळे!" आलं, आणि त्या दिवशी काकांनी सोसायटीत सुकेळी, म्हणजे वसईची सुकवलेली गोड केळी वाटली. लोकांना वाटलं, मुलीला मूल झालं.

एकदा न राहवून मी जवळ गेलो आणि आरशाखाली बोट दाखवलं. "काका, इथं राहिलंय."

त्यांनी माझा हात धरून खाली केला. "गप्प बसा. ते माझं नाही, तिचं आहे."

"म्हणजे मुद्दाम?"

"हळू! कुणाला बोललात तर बघा. मी मुद्दाम सोडतो हे तिला कळलं ना, तर तोंड मिटून घेईल. चाळीस वर्षांची ओळख आहे आमची."

मी शब्द दिला. मला गुपित सांगणं म्हणजे चाळणीत दूध ठेवणं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण हे मात्र मी राखलं. पुढं त्याचीच पंचाईत झाली.

पंचाईत केली शिंत्र्यांनी. चुरी एका बादलीत गाडी चकाचक करतात हे त्यांना खुपत होतं. त्यांनी मनाशी म्हटलं, पाण्याशिवाय धुवायचं म्हणजे काय, साबण लावायचा आणि धुवायचा नाही, एवढंच ना! एका शनिवारी त्यांनी भांडी घासायचं लिंबाच्या वासाचं लिक्विड अर्धी बाटली बादलीत ओतलं, गाडीला लावलं आणि तसंच वाळवलं. पद्धतच तशी म्हटल्यावर काय. रविवारी ती पांढरी गाडी अशी तुकतुकीत दिसत होती की शिंत्रे तीनदा खाली येऊन बघून गेले. दाराला हात लावला तर हात सुटायला वेळ लागे, पण ते म्हणाले, पकड आहे.

शिंत्रे कामणला गोदामात सुपरवायझर. सोमवारी भिवंडी रस्त्याला लागले आणि श्रावणाची सर आली. आधी बॉनेटवर चार बुडबुडे आले. शिंत्र्यांनी वायपर लावला. वायपरनं रवीसारखं घुसळलं. मग फेस टपावर चढला, खिडक्यांवरून उतरला, चाकांतून निघाला. कामणच्या नाक्यावर पोचेपर्यंत गाडी दिसतच नव्हती; फेसाचा एक ढग हॉर्न वाजवत येत होता. कंटेनरवाले उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. एका ट्रकवाल्यानं काच ठोठावून अत्यंत काळजीनं विचारलं म्हणे, "भाऊ, गाडीला फीट आलीय. कांदा हुंगवू का?"

दुपारपर्यंत ही हकिगत सोसायटीत पोचली होती. ती कुणी पोचवली ते मी सांगणार नाही. पण संध्याकाळी शिंत्रे लिंबाचा वास मारत घरी आले तेव्हा जिन्यात कुणीतरी खरोखरच एक कांदा ठेवला होता. त्याच आठवड्यात त्यांनी सभेची नोटीस काढली. विषय एकच: मनाईच्या ठरावात 'धुण्यास' या शब्दापुढं 'व पुसण्यास' हे शब्द घालणे.

नोटीस मलाच लिहायची होती. लिहून चुरीकाकांकडे सहीला नेली. त्यांनी ती दोनदा वाचली. लाल पेन्सिल हातात घेतली आणि खाली ठेवली.

"काका, सांगून टाका ना खरं काय ते," मी कुजबुजलो. "शिंत्रे काही वाईट माणूस नाही."

"सभेत सांगू? खिडकीखाली सभा भरते, परब. ती ऐकेल." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "परवा तिनं 'डावीकडे जरा' म्हटलं. जरा! हा शब्द कोण शिकवतं हो कुणाला? आपोआप आला. हे रविवार बंद झाले तर मी परत मांजराची चित्रं दाखवू तिला?"

सभा पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. अध्यक्षस्थानी आमचे कायमचे अध्यक्ष, ज्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. आमच्या सोसायटीचा अध्यक्ष व्हायला तेवढी एकच पात्रता लागते. वर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत काकू.

शिंत्रे उभे राहिले. "पुसणं म्हणजेच धुणं! दोन्हीत बादली आली, दोन्हीत पाणी आलं. आज चुरी पुसतील, उद्या पन्नास जण पुसतील. फसवणूक आहे ही शब्दांची!"

"शिंत्रे," चुरीकाका म्हणाले, "तुमची गाडी द्या."

"कशाला?"

"तिला अजून चिकटा आहे. आधी पुसून देतो, मग ठराव करा."

हशा पिकला. शिंत्र्यांना नाही म्हणता येईना. काकांनी सगळ्यांदेखत मोजपात्रानं पाणी मोजून बादलीत घातलं. फवारा. थांबले. एक घडी, एक हात. चिकटा जुना होता, काही ठिकाणी हात तीनदा न्यावा लागला. पण अर्ध्या तासात अर्धं बॉनेट असं झालं की अध्यक्षांनी त्यात वाकून भांग काढला. काकांनी उरलेलं पाणी परत मोजलं आणि आकडा जाहीर केला. फरशी कोरडी.

"बघा," काका म्हणाले. "धुणं म्हणजे पाणी जमिनीवर जातं. पुसणं म्हणजे ते फडक्यात येतं."

"ते ठीक आहे," शिंत्रे म्हणाले, "पण नियम तो नियम! मी ठराव—"

"शिंत्रे!"

आवाज वरून आला होता. सगळ्यांनी माना वर केल्या. काकू गज धरून बसल्या होत्या. तोंड वाकडं होत होतं, शब्द अडत होता, त्या त्याला ढकलत होत्या.

"शिंत्रे... उजवीकडे... डाग!"

शिंत्र्यांनी दचकून स्वतःच्या शर्टाची उजवी बाजू पाहिली. तिथं चहाचा डाग होता. मग त्यांनी बॉनेटची उजवी बाजू पाहिली. दिव्याच्या वर, बोटभर लांबीचा एक पट्टा राहिला होता. चुरीकाकांच्या हातून राहिलेला. सवयीनं की मुद्दाम, देव जाणे.

कुणी हसलं नाही. गेल्या दोन वर्षांत काकूंच्या तोंडून आपलं नाव कुणीही ऐकलं नव्हतं. शिंत्र्यांच्या आईच्या शेवटच्या आजारात दोन महिने याच काकू रोज पेज घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढत होत्या. शिंत्र्यांनी वर पाहिलं, गाडीकडे पाहिलं, चुरीकाकांच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. काका फडक्याची घडी घालत होते आणि ती आठाची होत नव्हती; उलगडत होते, पुन्हा घालत होते.

"काकू," शिंत्रे म्हणाले, "पुसतो हां. पुसतो मी." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंतसुद्धा पोचला नाही. मग ते माझ्याकडे वळले. "परब, विषय मागे घेतला म्हणून लिहा."

"काय म्हणाले?" अध्यक्षांनी विचारलं. त्या दिवशी ते कुणालाच नीट ऐकू आलं नव्हतं.

मी इतिवृत्तात लिहिलं: 'पुसणे म्हणजे धुणे नव्हे, असे सर्वानुमते ठरले.' दुसऱ्या दिवशी त्याखाली लाल पेन्सिलीनं 'मान्य' आलं होतं.

इतिवृत्तावर सही घ्यायला मी वर गेलो तेव्हा काका आत चहा टाकत होते. काकूंनी मला डाव्या हातानं जवळ बोलावलं. खिडकीतून खाली, अबोलीकडे बोट केलं.

"मुद्दाम," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "काय मुद्दाम, काकू?"

"डाग. मुद्दाम." आणि डोळ्यांनी स्वयंपाकघराकडे खूण केली. मग ते बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं. तोंडाची वाकडी बाजू हसत नव्हती, पण सरळ बाजू दोघींचं मिळून हसत होती.

म्हणजे नवऱ्याला वाटत होतं बायकोला माहीत नाही, बायकोला वाटत होतं नवऱ्याला कळलेलं नाही, आणि दोघांची गुपितं पोटात घेऊन मी मध्ये. त्या सहा महिन्यांत माझं जे वजन वाढलं, ते त्या दोन गुपितांचं, असं माझं मत आहे. बायकोचं मत वेगळं आहे.

काकांची एक सवय सांगायची राहिली. बादलीत उरलेल्या पाण्यानं ते जिन्याचा कठडा पुसायचे. दुसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत, दर रविवारी. आम्हाला वाटायचं, पाणी वाया जाऊ नये म्हणून. दिवाळीनंतर कळलं. काकूंनी त्या कठड्याला धरून एक पायरी उतरायला सुरुवात केली. पुढच्या आठवड्यात दोन. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही; छत्तीस पायऱ्या. काका पुढं, पाठीनं उतरत, दोन्ही हात पसरून. शिंत्रे मागं. हो, शिंत्रेच, आणि तेही कुजबुजत: "सावकाश काकू, घाई नाही, टँकर संध्याकाळीच येणार आहे."

आता ते दोघं इथं नाहीत. मार्चमध्ये भुईगावला भावाच्या घराशेजारी तळमजल्याच्या खोल्या केल्या. जिना नको म्हणून. अबोलीच्या जागी दुसरी कुणाची गाडी लागते, आणि तिच्यावरचे डाग कुणी मोजत नाही. भुईगावच्या बाजूनं येणारे सांगतात की काकूंच्या बोलण्यात आता थोडे स्वल्पविराम यायला लागलेत. मी अजून गेलेलो नाही. गहू दळून आणले की जाईन.

पण चुरीकाका म्हटलं की मला दिसतो तो जानेवारीतला रविवार. काकू छत्तिसावी पायरी उतरल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. काकांनी कव्हर काढून घडी घातली. सोसायटीची एकूण एक डोकी गॅलरीत. दोन वर्षांनी अबोली फाटकाबाहेर पडली, आणि वॉचमननं तिला सलाम ठोकला.

संध्याकाळी पाचला परत आली. आम्ही ओळखलीच नाही. भुईगावच्या किनाऱ्यावर काकांनी गाडी थेट सुरूंच्या पुढं, वाळूत उतरवली होती. चाकं रुतली, चार कोळी भावांनी ढकलून काढली. दारांवर वाळूचे थर, काचेवर खाऱ्या वाऱ्याची साय, बॉनेटवर कावळ्यांची सही, मागच्या नंबरावर ओल्या चिखलाचा लेप. दोन वर्षं जपलेली अबोली मातीतून उकरून काढलेल्या रताळ्यासारखी दिसत होती.

काका उतरले. केसांत वाळू. सवयीनं डिकीकडे गेले, बादली काढली, फडकं काढलं, आणि गाडीसमोर उभे राहिले. एवढी वाळू. इथं फडक्याचं काम नव्हतं, हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक!

तेवढ्यात वरून तो आवाज आला. भरपूर दिवसांनी, पूर्ण ताकदीनं. नायगावचे बगळे नक्की उडाले असणार.

"चुरी! ओ चुरी! फडकं ठेवा ते! पाइप सोडतो वरून! बूच मी काढतो! अख्खी टाकी घ्या आज, आपण सगळे उद्या बिनअंघोळीचे राहू! धुवा गाडी! धुवा!"

काकांनी पुढच्या सीटकडे पाहिलं. काकू अजून तिथंच बसल्या होत्या, उतरल्या नव्हत्या. त्यांनी काचेतून वाळूनं माखलेल्या बॉनेटकडे निवांत पाहिलं. मग वर, गॅलरीकडे.

"राहू दे," त्या म्हणाल्या.